पथकामागचा माणूस

हे पुस्तक दौलताबाद, अब्दीमंडी, माळीवाडा, शरणापूर, कागजीपुरा या पट्ट्यातल्या मोठ्या माणसांसाठी आहे. स्काऊटची पुस्तकं मुलांसाठी पुष्कळ निघतात. त्यांत गाठी असतात, प्रथमोपचार असतो, शिट्टीचे आणि हाताचे इशारे असतात, प्रवेशापासून तृतीय सोपानापर्यंतचा अभ्यासक्रम असतो. त्या मुलांना जमवणारा, शिबिराला नेणारा आणि संध्याकाळी सुखरूप घरी पोचवणारा जो माणूस असतो, त्याच्या वाट्याला त्या मानानं कमी पानं येतात. तो माणूस मिळाला की पथक उभं राहतं आणि तो गेला की दोन-तीन महिन्यांत पथक मोडतं. हे मी आमच्या भागात पाहत आलो आहे, म्हणून हा खटाटोप.

आपल्याकडे स्काऊट म्हणजे शाळा, हे समीकरण पक्कं झालं आहे. शाळेत एखाद्या शिक्षकाकडे स्काऊटचा चार्ज येतो. त्याच्याकडे आधीच पोषण आहाराचा हिशेब असतो, निवडणुकीची कामं असतात, शिष्यवृत्तीचे तास असतात, त्यात हे आणखी एक. मन लावून काम करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. स्वतःच्या खिशातून दोऱ्या आणणारे, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घेणारे. पण एकट्या माणसाला किती पुरणार? मग स्कार्फ आणि टोपी पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला पेटीतून बाहेर येतात, संचलन होतं, फोटो निघतो. दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी प्रमाणपत्राची चौकशी होते. मुलाला मात्र एकदाही स्वतःच्या हातानं चूल पेटवायला मिळालेली नसते.

ही कोंडी फोडायला शाळेबाहेरची माणसं पुढे यायला हवीत. पथकाचा प्रमुख शिक्षकच असला पाहिजे असं चळवळीच्या नियमात नाही. शाळेला न जोडलेलं, गावाचं किंवा वस्तीचं खुलं पथकही काढता येतं. एसटीतून निवृत्त झालेला चालक, किल्ल्यावर पर्यटकांना फिरवणारा गाईड, सीताफळाची बाग सांभाळणारा शेतकरी, वाळूजच्या कारखान्यात पाळीनं जाणारा तरुण, कॉलेजात शिकणारी मुलगी, यांतलं कुणीही हे काम करू शकतं. पगार नाही, मानधन नाही. जिल्हा कार्यालयाकडे नोंद करायची, बेसिक प्रशिक्षण घ्यायचं आणि मुलांत उतरायचं. पुढे अॅडव्हान्स आणि हिमालय वुड बॅजपर्यंत वाट आहे. त्या बॅजचे लाकडी मणी गळ्यात घालण्याची रीत लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या प्रशिक्षणापासून चालत आली आहे. आपल्या देशात याच प्रशिक्षणाचं मोठं केंद्र पचमढीला आहे.

चळवळीचा उगम थोडक्यात सांगतो, कारण मोठ्या माणसाचं नेमकं काम काय, याचं उत्तर त्यातच आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं बड्या घरांतली, महागड्या शाळांतली होती. काही कामकरी वस्त्यांतली. त्यानं त्यांना मिसळलं आणि चार संघ पाडले. प्रत्येक संघाला लांडगा, बैल असं एकेका प्राण्या-पक्ष्याचं नाव दिलं आणि प्रत्येक संघ त्यांच्यातल्याच एका मोठ्या मुलाच्या हाती सोपवला. पन्नाशीतला हा माणूस संध्याकाळी शेकोटीशी बसून गोष्टी सांगायचा, दिवसाचा खेळ शिकवायचा. पण संघ चालवायचा तो संघनायकच. पुढच्या वर्षी त्याचं ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हप्त्याहप्त्यानं बाजारात आलं. मुलांनी ते विकत घेतलं, गल्लीगल्लीत आपापले संघ केले आणि मग आपल्याबरोबर येईल असं मोठं माणूस शोधायला निघाली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी संघ झाले, मास्तर नंतर आला, आणि तोही मुलांनी बोलावला म्हणून.

भारतात १९०९ साली बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी पहिलं पथक काढलं, ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांचं. आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती. म्हणून अॅनी बेझंट यांनी मद्रासेत वेगळी संघटना उभी केली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या स्काऊटचं काम उभारलं. संघटना एकत्र आल्या, पुन्हा फुटल्या. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी त्या ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ या एका नावाखाली आल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड्स संघटनाही त्यात सामील झाली. तेव्हा दौलताबाद हैदराबाद राज्यात होतं; मराठवाडा मुंबई राज्यात यायला १९५६ उजाडावं लागलं.

या सगळ्या वाटचालीत वेळ देणारी माणसं होती, आणि त्यांचे व्यवसाय पाहिले की ‘मला कुठे वेळ आहे’ हे म्हणणं जड जातं. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले व्हिव्हियन बोस यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं स्काऊटला दिली. खटल्यांचे कागद बाजूला ठेवून ते मुलांमध्ये जात. आपल्या भागात न्यायाधीश मिळावेत अशी माझी अपेक्षा नाही. आठवड्यातले दोन तास आणि वर्षातले चार-पाच दिवस देणारा माणूस मिळाला तरी पुरे.

आता मुख्य गोष्ट. पथकाच्या मोठ्या माणसाला सर्वांत जास्त काय यावं लागतं, असं मला विचारलं तर मी गाठी म्हणणार नाही, कवायतही म्हणणार नाही. त्याला हात मागे ठेवता आला पाहिजे. मूल अडलं की आपला हात आपोआप पुढे जातो. आईबापाचा जातो, शिक्षकाचा जातो, तो मायेपोटीच जातो. पण ज्या क्षणी तुम्ही मुलाच्या हातातली दोरी घेऊन गाठ मारून देता, त्या क्षणी संघनायकाचा संघ त्याच्याकडून निघून तुमच्याकडे येतो. आणि तुम्ही पाठ फिरवून झाडाखाली मोबाईल पाहत बसलात, तर मुलांना धोका होतो. या दोहोंच्या मधली जागा धरून उभं राहायचं: नजर मुलांवर, हात मागे. ही जागा धरायला मोठ्या माणसांना वेळ लागतो, आणि पुस्तकातली बरीच पानं त्यासाठीच खर्ची पडली आहेत.

आमच्या किल्ल्यानं ही गोष्ट फार पूर्वी पाहिली आहे. जनार्दनस्वामी देवगडचे, म्हणजे याच दौलताबादचे, किल्लेदार, आणि पैठणहून आलेले बालवयातले एकनाथ त्यांच्याकडे राहिलेले. स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचं काम सोपवलं होतं. परंपरा सांगते की एके रात्री एका पैचा हिशेब लागेना. एकनाथ दिव्यापाशी वह्या पसरून बसले. मध्यरात्र उलटली. स्वामींना जाग आली, त्यांनी पाहिलं आणि ते नुसते पाहत राहिले. चूक सापडली तेव्हा एकनाथांनी आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनात ही गोष्ट एकनाथांच्या एकाग्रतेसाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. मी ती सांगतो ती जनार्दनस्वामींसाठी. सगळ्या गडाचा कारभार पाहणाऱ्या माणसाला ती पै शोधून देणं अवघड नव्हतं. जाऊ दे, झोप, असंही म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. स्वामींची समाधी गडावरच आहे. मुलांना तिथं नेलं की थोडं बसावं आणि ही गोष्ट सांगावी.

किल्ला हा आपल्या पथकांचा सर्वांत मोठा धडा आहे, आणि तो फुकट मिळालेला आहे. भिल्लम यादवाची राजधानी, १३२७ मध्ये दिल्लीहून इथं आणलेली मुहंमद तुघलकाची राजधानी, मलिक अंबर, १६३३ चा मोगलांचा वेढा, हा इतिहास मुलांनी तिथंच, दगडाला हात लावून ऐकावा. पण स्काऊटचा किल्ला याहून वेगळा असतो. चाँद मिनारचंच घ्या. एका पथकाला काम दिलं होतं: मिनारची उंची काढा, फलक न वाचता. सोपी रीत सगळ्यांना ठाऊक होती. काठी उभी धरायची, तिची सावली मोजायची, मिनारची सावली मोजायची, त्रैराशिक मांडायचं. ऊन चांगलं होतं, सावली सपाटीवर येईल अशी वेळ साधली. दोरी ताणून मुलांनी मिनारच्या भिंतीपासून सावलीच्या टोकापर्यंत अंतर घेतलं आणि वहीत लिहिलं. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘पण टोक मिनारच्या मधोमध आहे ना? मग सावली भिंतीपासून कशी मोजायची?’ एकदम शांतता. संघनायक माझ्याकडे पाहू लागला. मी मिनारच्या निळ्या फरशांच्या उरलेल्या तुकड्यांकडे पाहत राहिलो. मग त्यांचं भांडण झालं, बऱ्यापैकी मोठं. शेवटी मिनारच्या दोन्ही कडांच्या रेषेत दोन काठ्या उभ्या धरून त्यांच्यातलं अंतर घ्यायचं आणि त्याचं निम्मं सावलीत मिळवायचं असं ठरलं. ठरवलं त्यांनी. उत्तर फलकाशी किती जुळलं याला महत्त्व थोडं. त्या मुलीनं त्या दिवशी भूमितीचा एक तुकडा स्वतः शोधून काढला, आणि एका वाक्यानं मी तो तिच्याकडून घेऊ शकलो असतो.

किल्ल्यातल्या अंधारीत गोष्ट वेगळी असते. खंदकावरचा पूल ओलांडून त्या वळणावळणाच्या भुयारी वाटेत शिरलं की हाताला हात दिसत नाही. वटवाघळांचा वास, झिजलेल्या उंचसखल पायऱ्या, अचानक वळणारी भिंत. तिथं शिरण्यापूर्वी संघनायकानं आपली मुलं मोजायची, पुढे एक बॅटरी, शेवटी एक बॅटरी, आणि मधे प्रत्येकानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. दर वळणावर नायकानं आवाज द्यायचा, शेवटच्यानं उत्तर द्यायचं. मोठं माणूस सगळ्यांत मागे, आणि दुसरं मोठं माणूस पुढच्या तोंडाशी आधीच जाऊन उभं. एकदा मधल्याच एका मुलाची पावलं थांबली, त्याला रडू फुटलं. रांग थांबली. नायक पंधरा वर्षांचाही नव्हता. त्यानं पुढची बॅटरी दुसऱ्याच्या हातात दिली, चार पायऱ्या मागे आला आणि म्हणाला, ‘तू माझा पट्टा धर. पायऱ्या मोज, मोठ्यानं मोज.’ सगळी रांग पायऱ्या मोजत बाहेर आली. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण तो रांगेच्या पुढे होता, मी मागे होतो, म्हणून ते त्याला सुचायला जागा मिळाली.

हात मागे ठेवायचा याचा अर्थ काळजी सैल सोडायची असा कुणी घेऊ नये. उलट या पुस्तकात मी जिथं जिथं आग्रही झालो आहे, ती सगळी पानं सुरक्षिततेची आहेत. पालकांची लेखी संमती असल्याशिवाय मूल गावाबाहेर न्यायचं नाही. कोणत्याही कार्यक्रमाला किमान दोन मोठी माणसं हवीत. एका मोठ्यानं एका मुलासोबत बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत एकटं राहायचं नाही, मग तो मोठा गावातला कितीही मानाचा माणूस असो. २०१२ चा पोक्सो कायदा प्रत्येक स्वयंसेवकानं समजून घ्यावा. मुलानं काही सांगितलं तर ते घरातच मिटवायचं नसतं, पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे आधीपासून ठाऊक असावं. विहीर, शेततळं, पाझर तलाव यांच्या काठी मोजदाद दर थोड्या वेळानं. मार्चनंतर दुपारचा कार्यक्रम ठेवायचा नाही. किल्ल्याच्या कड्यांवर मोहोळं असतात, तिथं धूर, आरडाओरडा, दगडफेक काही नाही. साप चावला तर मांत्रिक नाही, ब्लेड नाही, आवळून बांधणं नाही. मुलाला हलू न देता थेट घाटी रुग्णालयात न्यायचं. हे नियम पाळण्यात कुणाचाही अपमान नाही. माझा आजवरचा अनुभव असा की पालक अशा पथकात मूल निर्धास्त पाठवतात.

किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिथं चूल पेटवायची नाही, तंबू ठोकायचा नाही, दगडावर नाव कोरायचं नाही. शिबिर कुणाच्या तरी रानात घ्यायचं. रब्बी निघाल्यावर मोकळं रान मिळतं. मालकाला विचारून, जागा ठरवून, गव्हाच्या वाळलेल्या धसकटापासून चूल लांब ठेवून. खड्डा खणायचा, कडेचं गवत काढायचं, पाण्याची बादली आधी भरून ठेवायची आणि मगच काडी ओढायची. बिनभांड्याचा स्वयंपाक हा शिबिरातला मुलांचा सर्वांत लाडका तास. निखाऱ्यात वांगी भाजायची, काठीला कणकेची वेटोळी गुंडाळून ती आचेवर फिरवायची, पळसाच्या पानांत पानगे करायचे. यातलं पानग्याचं काम मुलांना आपल्यापेक्षा जास्त येतं, कारण आजीला करताना त्यांनी पाहिलेलं असतं. पहिला पानगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो. खाऊ द्या. दुसऱ्याला आच किती लागते ते पोरं बोलून ठरवतात.

संघाची रचना पुढे सविस्तर आली आहे. एका संघात सहा ते आठ मुलं, चार संघ मिळून बत्तीसांपर्यंत पथक. प्रत्येक संघाला नायक आणि उपनायक. नायकांची आणि मास्तरांची जी सभा होते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. ती बहुतेक पथकांत कागदावरच असते. ती खरी भरवा. शिबिर कुठे, वर्गणी किती, उशिरा येणाऱ्याचं काय करायचं, ‘खरी कमाई’त, म्हणजे स्वतः काम करून, मिळालेले पैसे कशाला लावायचे, हे तिथं मुलांना ठरवू द्या. खरी कमाईचं मोल मला विशेष वाटतं. आमच्या पोरांनी घाटातल्या रस्त्याकडेला मोठ्यांबरोबर उभं राहून पेरू आणि सीताफळं विकली आहेत, दुकानांच्या पाट्या पुसल्या आहेत. स्वतः कमावलेल्या पैशांतून आणलेला दोर कुणी उन्हात टाकून जात नाही. त्यांचा निर्णय तुम्हाला पटला नाही आणि त्यात कुणाच्या जिवाला धोका नसेल, तर तो अमलात येऊ द्यायचा.

मुलींच्या पथकाबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. गाईडच्या कंपनीला स्त्री प्रमुख लागते, आणि खेड्यात अडतं ते नेमकं इथं. मुली तयार असतात, आया तयार असतात, पण मुक्कामाला बरोबर जाणारी ताई मिळत नाही. अंगणवाडी सेविका, आशाताई, बचतगटातल्या स्त्रिया, बी.ए. करणारी मुलगी, यांच्यापैकी कुणी पुढे आलं की वीस-पंचवीस मुलींना पहिल्यांदा घराबाहेर रात्र काढायला मिळते. तंबूबाहेर आकाश पाहत झोपणं ही मुलग्यांना सहज मिळणारी गोष्ट आमच्या कितीतरी मुलींना लग्नापर्यंत मिळत नाही. जगभरच्या गाईड्ससाठी असलेल्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक आपल्याच राज्यात, पुण्यात आहे. ‘संगम’ हे त्याचं नाव, १९६६ साली ते उघडलं, तेव्हा लेडी बेडन-पॉवेल स्वतः हजर होत्या. परदेशातल्या मुली तिथं येऊन राहतात आणि दौलताबादच्या मुलीनं ते पाहिलेलंही नसतं. एक ताई मिळाली तर ही सहल अवघड नाही.

घरच्यांचा एक प्रश्न नेहमी येतो: यानं पोराचा अभ्यास बुडेल का? शनिवारी दुपारचे दीड-दोन तास, महिन्यातून एखादी पायपीट आणि वर्षातून एक-दोन शिबिरं यांनी अभ्यास बुडत नाही. दुसरा प्रश्न कमी लोक उघडपणे विचारतात: सगळ्या जातीधर्मांची पोरं एका ताटात जेवणार का? हो, जेवणार. दौलताबाद, खुलदाबाद, कागजीपुरा या गावांत हे सहज व्हायला हवं आणि संघात ते होतं, कारण पाणी एकानं आणलेलं असतं, लाकडं दुसऱ्यानं आणि कणीक तिसऱ्यानं मळलेली असते. मोठ्या माणसानं एवढंच पाहायचं की संघ पाडताना गल्लीप्रमाणे पडू नयेत. मुलांना मित्रांसोबत राहायचं असतं, म्हणून एक मित्र बरोबर ठेवावा, बाकीचे बदलावेत.

कुणी या कामाला येऊ नये, तेही लिहितो. ज्याला कुठल्या निवडणुकीसाठी पोरं रांगेत उभी करायची आहेत त्यानं येऊ नये. ज्याला सैन्यात जायचं राहून गेलं म्हणून पोरांवर ओरडायचं आहे त्यानंही नको. कवायत हा स्काऊटचा छोटा भाग आहे. आणि ज्याला एकदाच मोठा कार्यक्रम करून फोटो हवा आहे, त्यानं देणगी द्यावी, पथक घेऊ नये. मुलं दर शनिवारी मैदानावर येऊन वाट पाहतात. मास्तर दोन-तीन वेळा आला नाही की ती येणं सोडतात, आणि पुन्हा बोलवायला गेलात तर हसून पळतात.

येणाऱ्यानं मात्र फार तयारी करत बसू नये. मुख्याध्यापकांना भेटावं, जिल्हा कार्यालयात संघटकांना भेटावं, बेसिकची तारीख विचारावी. तोवर चालू असलेल्या एखाद्या पथकात मदतनीस म्हणून उभं राहावं. गणवेश नंतर शिवता येतो. मुलं तुम्हाला सर म्हणतील, काका म्हणतील, वय कमी असेल तर दादा किंवा ताई म्हणतील. त्यांना जे सुचेल ते चालू द्या. पहिल्या शनिवारी प्रत्येकाचं नाव आणि घर कुठल्या आळीत, एवढं पाठ करा. दुसऱ्या शनिवारी संघनायक कोण व्हावं हे मुलांना विचारा. पुस्तकाचं पहिलं प्रकरण या दुसऱ्या शनिवारापासून सुरू होतं.